वाचकांचे प्रश्न : दीर्घ राज्य, महोत्सव आणि लोकांचं प्रेम

ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या सत्तर वर्षांच्या राज्याचा महोत्सव आणि लोकांनी तो कसा साजरा केला, यावर मागच्या अंकात लेख होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातून बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

राणीचा राज्याभिषेक जून 1953 मधला. मग सत्तर वर्षं 2022 मध्येच कशी भरली? आणि महोत्सव जूनमध्येच का? (एक शिक्षिका, खानापूर)

वर्षं राज्याभिषेकापासून मोजत नाहीत, गादीवर आल्याच्या दिवसापासून मोजतात. 6 फेब्रुवारी 1952 ला वडील, राजे सहावे जॉर्ज, वारले आणि त्याच क्षणी एलिझाबेथ राणी झाल्या. त्या तेव्हा केनियात होत्या. राज्याभिषेक सोळा महिन्यांनी, 2 जून 1953 ला झाला. वर्गात मुलांकडून हिशेब करून घेणार असाल तर आधी हा फरक फळ्यावर लिहा, म्हणजे एका वर्षाचा घोळ होणार नाही.

जून निवडण्याची दोन कारणं. 6 फेब्रुवारी हा वडिलांच्या मृत्यूचा दिवस, तो त्या शांतपणे घालवत. शिवाय तिकडे फेब्रुवारीत थंडी-पावसात कोण रस्त्यावर येणार? 2022 मध्ये मे महिन्याच्या शेवटची सुट्टी पुढे ढकलून 2 जूनला दिली, 3 जूनची जादा सुट्टी जोडली आणि शनिवार-रविवार धरून सलग चार दिवस मिळाले. 8 सप्टेंबर 2022 ला राणी गेल्या तेव्हा 70 वर्षं 214 दिवस झाले होते. व्हिक्टोरिया राणीची 63 वर्षं 216 दिवस त्यांनी 2015 मध्येच मागे टाकली होती. फ्रान्सचा चौदावा लुई मात्र 72 वर्षं 110 दिवसांवर आहे, स्वतंत्र देशांच्या राजांमध्ये तो अजून पहिलाच.

25 वर्षांचा रौप्य, 50 चा सुवर्ण, 60 चा हीरक, 70 चा प्लॅटिनम. आपला 75 चा अमृतमहोत्सव या यादीत येत नाही, मुलांचा गोंधळ नेमका तिथे होतो.

लोकांचं प्रेम खरं होतं, की सरकारी सुट्टीची गर्दी? आणि आपल्यावर राज्य केलेल्यांच्या सोहळ्यांचं कौतुक आपण कशाला करायचं? (निपाणी आणि बेळगावहून चार वाचक)

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना एकच फूटपट्टी लावता येते: सोहळा कुणी बोलावला, खर्च कुणी केला, आणि न आलेल्याचं काय झालं?

आधी पुण्याचं 1897 साल घ्या. व्हिक्टोरिया राणीचा हीरक महोत्सव 22 जूनला होता. मुंबई इलाख्यात त्या वर्षी दुष्काळ आणि प्लेग दोन्ही होते. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या हाताखाली गोरे सोजीर घरात, देवघरापर्यंत घुसून झडत्या घेत होते. अशा गावात गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावर महोत्सवाची मेजवानी झाली. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड 3 जुलैला मेला. दामोदर चापेकर 1898 च्या एप्रिलमध्ये फासावर गेले. त्याआधी, सप्टेंबर 1897 मध्ये, टिळकांना 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली होती. त्याच 22 जूनला लंडनमध्ये राणीच्या बग्गीभोवती लोक दाटीवाटीने उभे होते. 78 वर्षांच्या राणीला सेंट पॉल्स चर्चच्या पायऱ्या चढवेनात म्हणून प्रार्थना पायऱ्यांवर झाली आणि त्या बग्गीतच बसून राहिल्या. दिवस एक, राणी एक. लंडनच्या गर्दीत आपुलकी होती, पुण्याच्या रोषणाईत हुकूम होता. दुसऱ्याला प्रेम म्हणणं म्हणजे त्या वर्षी मेलेल्यांवर अन्याय आहे.

थायलंडचं उदाहरण याहून अवघड. राजे भूमिबोल 1946 ते 2016, म्हणजे सत्तर वर्षं गादीवर होते. ते सोमवारी जन्मले आणि सोमवारचा रंग पिवळा, म्हणून 2006 च्या जूनमध्ये साठ वर्षांच्या महोत्सवात बँकॉकचे रस्ते पिवळ्या शर्टांनी भरून गेले होते. ते प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच देशात राजाची बदनामी केल्यास कलम 112 खाली प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. ज्याला प्रेम नव्हतं त्याचं तोंड बंद होतं, त्यामुळे प्रेमाचं माप घेणं कठीण होतं.

एलिझाबेथ यांच्या बाबतीत सुट्टी आणि संचलन सरकारचं होतं, तो खर्च लोकांच्या कराचा. राजेशाही नको म्हणणारेही उघडपणे बोलत होते, आणि बार्बाडोस तर 30 नोव्हेंबर 2021 ला राणीला बाजूला ठेवून प्रजासत्ताक झालं. कुणी तुरुंगात गेलं नाही. म्हणून सप्टेंबर 2022 ची रांग महत्त्वाची वाटते. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटी 14 ते 19 सप्टेंबर ठेवली होती. सुमारे अडीच लाख लोक दर्शन घेऊन गेले, थेम्सच्या काठाने रांग मैलोन् मैल लागली, काहींना पूर्ण दिवस-रात्र उभं राहावं लागलं. मनगटाला क्रमांकाचा पट्टा बांधत, तो दाखवला की स्वच्छतागृहाला जाऊन परत आपल्या जागी येता येई. या माणसांना कुणी ट्रकमध्ये भरून आणलं नव्हतं, आणि मिळणार होते शवपेटीसमोरचे काही क्षण. हे प्रेम आम्ही खरं मानतो. ते मानल्याने 1897 पुसलं जात नाही.

मुलगी लेस्टरला असते. महोत्सवात त्यांच्या रस्त्यावर टेबलं मांडून सगळी गल्ली जेवली, असे फोटो तिने पाठवले. रस्ता बंद कसा करतात? आमच्या गल्लीत असं जमेल का? (एक गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव)

लोकांच्या प्रेमाचा खरा भाग हाच. राजवाड्याचा यात हात नसतो, गल्लीतल्या दोन-तीन घरांनी पुढाकार घ्यायचा. ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतरच्या 1919 च्या शांतता महोत्सवात रुळली आणि 1935, 1953, 1977 च्या राजसोहळ्यांमधून पुढे आली.

तिकडे रस्ता बंद करण्याचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे चार ते बारा आठवडे आधी द्यावा लागतो. कार्यक्रम फक्त रहिवाशांचा हवा. बाहेर जाहिरात केली, तिकीट लावलं किंवा दारू विकली की तो सार्वजनिक कार्यक्रम ठरतो आणि वेगळे परवाने लागतात. बसचा रस्ता असेल तर परवानगी बहुधा मिळत नाही. विजेच्या खांबाला पताका बांधायची तरी विचारावं लागतं.

बेळगावात करायचं तर गणपतीच्या मांडवाचा अनुभव कामाला येईल. पोलीस ठाणं आणि महानगरपालिका, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, विजेचं तात्पुरतं कनेक्शन हवं असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीकडेही. खांबावर आकडा टाकू नका. माप असं: सहा फुटी टेबलावर दोन्ही बाजूंना तीन-तीन, म्हणजे सहा माणसं. शंभर माणसांना 17 टेबलं, ओळ झाली 102 फूट. टेबलं रस्त्याच्या मधोमध लावायचा मोह होतो, कारण फोटो छान येतो. ती एका कडेला घ्या आणि बारा फूट मोकळे सोडा. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनची गाडी आली तर मांडलेली पानं उचलायला वेळ नसतो. गल्ली वीस फुटांहून अरुंद असेल तर टेबलं नकोत, कडेने सतरंज्या घाला आणि पंगत बसवा.

पताका नेहमी कमी पडतात, कारण लोक रस्त्याची लांबी मोजतात, दोरीची नाही. 30 फूट रुंद रस्त्यावर दर 15 फुटांना तिरकी, नागमोडी ओढली तर 150 फूट गल्लीला दहा फेऱ्या लागतात. एक फेरी साधारण साडेतेहतीस फुटांची, म्हणजे 335 फूट, आणि झोळ पडतो त्यासाठी दहा टक्के जादा. 370 फूट दोरी आणा. घोटीव कागद पहिल्याच वळवाला गळून रंग सोडतो, खालच्या साड्यांवर डाग पडतात. जुन्या सुती कापडाच्या पताका पट्टीत शिवून घ्या, पुढच्या वर्षीही चालतात.

जेवणाचं गणित बिघडतं ते यादी न केल्यामुळे. प्रत्येक घराने एक पदार्थ म्हटलं की तिकडे सगळे केक आणतात आणि बेळगावात निम्मी घरं कुंदा. आठ दिवस आधी वही फिरवा: इतक्यांनी भाजी, इतक्यांनी भात, इतक्यांनी चपात्या, गोड फक्त चार घरांनी. पदार्थासमोर नाव आणि शेंगदाणे आहेत का तेवढं लिहून ठेवा.

आजीला पुढच्या वर्षी शंभर पूर्ण होतात. इंग्लंडच्या राजाचं शुभेच्छापत्र तिला मिळेल का? (संकेश्वर)

नाही. हे कार्ड ब्रिटनचे नागरिक आणि जिथे आजही तोच राजा आहे अशा देशांचे नागरिक यांनाच जातं. भारत राष्ट्रकुलात आहे, पण 1950 पासून प्रजासत्ताक आहे. पद्धत 1917 मध्ये पाचव्या जॉर्जने सुरू केली, तेव्हा तार येई. शंभरावा, एकशे पाचवा आणि नंतर दरवर्षीचा वाढदिवस, तसंच लग्नाची साठ, पासष्ट, सत्तर वर्षं, यांना ते मिळतं. आजीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेवा, शंभरीच्या कुठल्याही सत्काराला वयाचा पुरावा लागतोच.

जुन्या पेटीत राणीछाप रुपये सापडले. सोनार म्हणतो हे राणीच्या महोत्सवाचे आहेत, किंमत जास्त. खरं का? (चिकोडी)

भारतात व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाचा वेगळा रुपया निघालाच नाही. 1887 मध्ये महोत्सवानिमित्त राणीचा नवा चेहरा आला तो ब्रिटनच्या नाण्यांवर. आपल्याकडे 1877 पासून 1901 पर्यंत रुपयावर 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' हाच छाप आहे, त्याआधीच्यांवर 'क्वीन'. 1862 साल असलेला रुपया बघून हुरळून जाऊ नका. ते साल तसंच ठेवून टांकसाळीत 1874 पर्यंत रुपये पाडले गेले. खरं साल नाण्यावरच्या ठिपक्यांवरून काढतात, ते काम जाणकाराचं.

पाचव्या जॉर्जच्या 1935 च्या रौप्यमहोत्सवाची टपाल तिकिटं मात्र भारतात निघाली, सातांचा संच. अर्धा आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया, अडीच आण्यावर ताजमहाल, साडेतीन आण्यावर अमृतसरचं सुवर्णमंदिर, आठ आण्यावर मंडालेचा पॅगोडा. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच होता. पेटीत जुनी पत्रं असतील तर पाकिटावरून तिकीट सोलू नका, पाकिटासकट ठेवा.

रुपया खरा आहे का, ते घरी तपासता येतं. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. हातोहात फिरलेलं नाणं झिजून 11.4 पर्यंत येतं, तेवढं चालतं. लोहचुंबक लावा, चिकटलं तर गोष्ट तिथेच संपली. पुढची कसोटी पाण्याची. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काट्यावर 1.13 च्या आसपास आकडा आला तर चांदी. त्याच वजनाचं तांबं-निकेलचं नकली नाणं 1.31 च्या जवळ दाखवतं. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं वाटतं, म्हणून आधी ते पाण्यात हलवून घ्या. माळेसाठी कडी जोडलेल्या रुपयाला ही कसोटी नीट लागू होत नाही, डाग दिलेला धातू वेगळा असतो.

चिंच, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. संग्राहक काळसर थराचेच पैसे देतात, घासलेलं नाणं चांदीच्या भावाने जातं. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे. आणि पेटीत न सापडता जमिनीत पुरलेली सापडली असती, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग होतं.

आपल्या राजांचे असे महोत्सव झाले का? (खानापूर आणि बेळगावहून दोन पत्रं)

झाले, आणि चांगले झाले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून 1875 मध्ये दत्तक आले आणि 1939 पर्यंत गादीवर होते. त्यांचा हीरक महोत्सव 1936 च्या जानेवारीत झाला आणि त्या निमित्ताने त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते हत्तीवरच्या मिरवणुकीमुळे नव्हे. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं, गावोगाव वाचनालयं निघाली होती. साठ वर्षांत आजी, आई आणि नात असं तिघींनी एकाच राजाचं काम पाहिलं.

म्हैसूरच्या नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी 1902 मध्ये कारभार हाती घेतला, त्याचा रौप्यमहोत्सव 1927 मध्ये झाला. म्हैसूरला गेलात तर राजवाड्याजवळचा मोठा घड्याळमनोरा बघा, तो राजवाड्याच्या नोकरवर्गाने त्या निमित्ताने बांधून दिला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि शेजारचं शहापूर सांगली संस्थानात.

वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत राज्याभिषेकाचा सजीव देखावा करायचा आहे. इतिहासाच्या चुका होऊ नयेत आणि चित्ररथ नीट चालावा, यासाठी काय बघावं? (एका मंडळाचे कार्यकर्ते, शहापूर, बेळगाव)

महाराज छत्रपती म्हणून सहाच वर्षं राहिले, 1674 ते 1680. दीर्घ राज्याच्या कुठल्याही यादीत ते येत नाहीत, आणि तरी साडेतीनशे वर्षांनी बेळगावची माणसं पहाटेपर्यंत रस्त्यावर उभी असतात. त्यामुळे देखावा मनापासून आणि अचूक करा.

पहिली चूक दरबारातल्या माणसांची. 6 जून 1674 ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके 1596 ला, बाजीप्रभू जाऊन चौदा वर्षं झाली होती, मुरारबाजी 1665 ला आणि तानाजी 1670 ला पडले होते. प्रतापराव गुजर तर त्याच वर्षी फेब्रुवारीत नेसरीला पडले. नेसरी आपल्या इतक्या जवळ, की आपल्या भागातल्या देखाव्यात ही चूक फार खुपते. सरसेनापती म्हणून हंबीरराव मोहिते दाखवा. पट्टराणी सोयराबाई, कारण सईबाई 1659 मध्येच वारल्या होत्या. संभाजीराजे सतरा वर्षांचे, म्हणजे मिसरूड फुटलेला तरुण हवा, दहा वर्षांचा मुलगा नको. राजाराम चार वर्षांचे. जिजाऊ हव्यातच. त्यांनी हा दिवस डोळ्यांनी पाहिला आणि 17 जूनला पाचाडला देह ठेवला.

अभिषेकाची मांडणी: पूर्वेला मोरोपंत पिंगळे, हातात तुपाचा सोन्याचा कलश. दक्षिणेला हंबीरराव, दुधाचा चांदीचा कलश. पश्चिमेला रामचंद्रपंत, दह्याचा तांब्याचा कलश. उत्तरेला मधाचा सोन्याचा कलश. मंत्रोच्चाराला गागाभट्ट. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील दरबारात हजर होता आणि त्याने सिंहासनाजवळ काय पाहिलं ते लिहून ठेवलंय: उजव्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची तोंडं, डाव्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, न्यायाचं चिन्ह. पुठ्ठा आणि सोनेरी कागदात हे सहज होतं, आणि सहसा कुणी करत नाही. ऑक्झिंडेनला मात्र मधोमध उभं करू नका, तो पाहुणा होता.

कलशात खरं दूध-दही ओतू नका. वैशाखाच्या उकाड्यात काही तासांत नासतं आणि ट्रॉली वासाने भरते. कलश थर्माकोलने गळ्यापर्यंत भरा, वर दोन बोटं रंगवलेलं पाणी ठेवा. ट्रॉली हिसका खाते तेव्हा तेवढंच सांडेल.

बसणाऱ्या पात्रांपेक्षा उभ्यांची दमछाक होते. कलशधारी आणि चवरीधारी यांची दोन-दोन माणसं ठेवा, पाऊण तासाने बदला. दाढी-मिशीचा डिंक घामाने सुटतो, म्हणून डिंक, कापूस आणि पिण्याचं पाणी सिंहासनाच्या मागे ठेवा. उभ्या पात्रांच्या कमरेच्या उंचीला, झुलीखाली लपेल असा, धरायला लोखंडी दांडा पक्का करून घ्या. ट्रॅक्टर थांबताना माणसं पुढे पडतात, सुरू होताना नव्हे.

जनरेटर पाच केव्हीएचा घेतला तर भरवशाचे चार किलोवॅट धरा. शंभर वॅटचे दहा एलईडी दिवे म्हणजे एक किलोवॅट, ध्वनिक्षेपकाला दोन, उरलेलं राखीव. हॅलोजन लावले की हिशेब कोलमडतो आणि पात्रं भाजून निघतात. जनरेटर वेगळ्या गाडीवर ठेवा, धूर पात्रांकडे येऊ देऊ नका, चालू असताना डिझेल ओतू नका.

सगळ्यात जपायचं ते उंचीला. ट्रॉलीची फळी साडेतीन फुटांवर, त्यावर दोन फुटांचा चौथरा, त्यावर सिंहासन, आणि वर छत्र, म्हणता म्हणता पंधरा फूट होतात. मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात दिवसाउजेडी पूर्ण मार्ग पायी फिरून सगळ्यात खाली लोंबणारी तार कुठे आहे ते लिहून घ्या आणि हेस्कॉमला कळवा. छत्राचा दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा करा, मधे खिळ घाला, तार आली की दोन माणसांनी छत्र खाली घ्यायचं. नळी लोखंडी नको, प्लास्टिकची किंवा लाकडाची घ्या. बांबूने तार वर उचलून रथ पुढे काढायची सवय काही ठिकाणी आहे, ती तुमच्या रथावर कुणालाही करू देऊ नका. रात्री दव पडलेला बांबू वीज वाहून नेतो. त्यासाठी रथापुढे एक जबाबदार माणूस शिट्टी घेऊन चालवा, आणि त्याची शिट्टी वाजली की ट्रॅक्टरवाल्याने कुणाचंही न ऐकता थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा.